जालन्याचा नंबर सेशेल्सला का लागतो? ऑफिसच्या फोन सिस्टिममधले डायलिंगचे नियम

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जालन्यात बियाणे कंपनीचं ऑफिस आहे. जुनं ईपीएबीएक्स (ऑफिसचं आतलं टेलिफोन एक्स्चेंज) काढून फ्रीपीबीएक्स (तेच काम करणारं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) बसवलंय. ४० एक्स्टेंशन, म्हणजे आतले फोन, आहेत, त्यातले १२ आयपी फोन (नेटवर्कवर चालणारे) आणि बाकीचे जुनेच साधे संच, गेटवेला (साधे फोन आणि लाइन नव्या सिस्टिमला जोडणाऱ्या यंत्राला) जोडलेले. बाहेर जायला १० वाहिन्यांची, म्हणजे एका वेळी दहा कॉलची, एक एसआयपी ट्रंक (नेटवर्कवरून प्रोव्हायडरकडे, म्हणजे फोनसेवा देणाऱ्या कंपनीकडे, जाणारी लाइन), आणि ती भरली की ०२४८२ च्या तीन लँडलाइन. बाहेर जाणाऱ्या कॉलसाठी नियम एकच: मॅच पॅटर्नच्या (कोणते नंबर जाऊ द्यायचे त्या साच्याच्या) रकान्यात नुसता टिंब, म्हणजे काहीही चालेल. मोबाइल कधी लागतो, कधी नाही. गावातला सहा अंकी नंबर लागत नाही. बँकेचा १८०० वाला आणि महावितरणचा १९१२ काही टेबलांवरून लागतच नाही. आणि बिलात सेशेल्सचे दोन कॉल आलेत, जे कोणीच केलेले नाहीत म्हणे. टिंबाच्या जागी कोणता पॅटर्न टाकू, असं तुम्ही विचारताय.

एक पॅटर्न बदलून हे सुटायचं नाही, कारण दुखणं पॅटर्नचं नाहीच. चाळीस माणसं एकच नंबर पाच-सहा तऱ्हांनी दाबतात. ट्रंकला त्यातली एकच तऱ्हा कळते. मधे उभं राहून सगळ्यांचं एकसारखं करून द्यायचं काम सिस्टिमचं, आणि टिंब ते करत नाही. जे आलं ते तसंच पुढे ढकलतो. म्हणून आधी सगळे नंबर एका रूपात आणायचे, मग ते कोणाला लावू द्यायचे ते ठरवायचं, आणि शेवटी कुठल्या लाइनने जायचे ते. ही तीन कामं एकाच ओळीत कोंबली की असाच घोळ होतो.

सेशेल्सपासूनच सुरुवात करतो, कारण त्यात बाकीच्या तक्रारींचं मूळ दिसतं. तुमच्या जुन्या ईपीएबीएक्सवर बाहेरची लाइन घ्यायला ० दाबावा लागत असणार. आपल्याकडे बहुतेक ऑफिसांत तसंच होतं, ९ वर ऑपरेटर आणि ० वर लाइन. तो शून्य मशिन स्वतः खायचं. नव्या सिस्टिममध्ये तो कोणी खात नाही, पण बोटांची सवय कायम आहे. जालन्याचाच एखादा नंबर कोणी एसटीडी कोडसकट लावायला गेला की लाइनचा ० आणि मग ०२४८२, असं मिळून ००२४८२ होतं. ट्रंकच्या दृष्टीने सुरुवातीचे दोन शून्य म्हणजे आयएसडी, आणि २४८ हा सेशेल्सचा कोड. तिथले नंबर सात अंकी. उरलेला २ आणि पुढचे सहा अंक मिळून बरोबर सातच होतात. म्हणजे लांबीसुद्धा जुळते, आणि कॉल बिनबोभाट हिंदी महासागरातल्या बेटावर जातो.

हा जालन्याचाच योगायोग आहे असं समजू नका. आपल्या सगळ्या मराठवाड्याचे कोड आफ्रिकेच्या कोडांच्या रांगेत बसतात. लातूरचा ०२३८२ दोन शून्यांनी २३८ होतो, म्हणजे केप व्हर्दे, आणि तिथलेही नंबर सात अंकीच. बीडचा ०२४४२ अंगोला. परभणीचा ०२४५२ आणि हिंगोलीचा ०२४५६ दोन्ही गिनी-बिसाऊ. नांदेडचा ०२४६२ म्हणजे दिएगो गार्सिया, धाराशिवचा ०२४७२ म्हणजे असेन्शन बेट. छत्रपती संभाजीनगरचा ०२४० विषुववृत्तीय गिनीत जातो, पुण्याचा ०२० इजिप्तमध्ये. मोबाइलचंही तेच: लाइनचा ०, मग ०९८ ने सुरू होणारा नंबर, की झाला ००९८, इराण. फरक इतकाच की इराणचा नंबर ९८ नंतर दहा अंकी असतो, तुमच्याकडे आठच उरतात, म्हणून तो कॉल अर्धवट नंबर म्हणून परत येतो. 'मोबाइल कधी लागतो, कधी नाही' यातला मोठा वाटा हाच. ज्यांनी जुनी सवय सोडली त्यांचा लागतो, ज्यांनी नाही त्यांचा नाही.

मात्र ते दोन कॉल सवयीचेच होते की कोणी सिस्टिममध्ये घुसलं होतं, हे आज तपासून घ्या. कॉल रेकॉर्ड काढा. कॉल कामाच्या वेळेतला असेल, तुमच्याच टेबलावरच्या फोनवरून असेल, आणि शेवटचे सहा अंक जालन्यातल्या एखाद्या दुकानदाराच्या किंवा ट्रान्सपोर्टच्या नंबराशी जुळत असतील, तर विषय संपला. पण कॉल रात्रीचे किंवा रविवारचे असतील, एकामागून एक लागोपाठचे नंबर असतील, किंवा ते एक्स्टेंशन बाहेरच्या आयपी पत्त्यावरून नोंदलं गेलेलं दिसत असेल, तर ती घुसखोरी आहे. तसं असेल तर पुढचं वाचायच्या आधी प्रोव्हायडरला सांगून आयएसडी बंद करा, सगळ्या एक्स्टेंशनचे पासवर्ड बदला आणि राउटरवर ५०६० पोर्ट (एसआयपी कॉल येण्याचं दार) बाहेरच्या जगासाठी उघडा ठेवला असेल तर तो फक्त प्रोव्हायडरच्या पत्त्यापुरता ठेवा. एक्स्टेंशन ४०१ चा पासवर्ड ४०१ ठेवायची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. शोधणारे तोच सगळ्यात आधी घालून बघतात.

आता नियम. पहिलं ठरवायचं ते हे की आतमध्ये सगळे नंबर कोणत्या एका रूपात आणायचे. माझं उत्तर: शून्य आणि पुढे दहा अंक, एकूण अकरा. कारण भारतातला कुठलाही पूर्ण नंबर दहा अंकी असतो. ०२४८२ मधला शून्य सोडला तर कोडचे चार अंक आणि नंबरचे सहा. संभाजीनगरला कोडचे तीन आणि नंबरचे सात. पुण्या-मुंबईला दोन आणि आठ. मोबाइल तर दहाच. आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी ० लावणं बंधनकारक आहे. त्यामुळे एसटीडी आणि मोबाइल यांचा साचा आता एकच झालाय. पूर्वी 'गावातला मोबाइल शून्याविना, बाहेरचा शून्यासकट' असं असायचं, ते डोक्यातून काढा. जुने नियम नव्या मशिनमध्ये जसेच्या तसे उतरवले असतील तर ही गोष्ट हमखास नडते.

फ्रीपीबीएक्सच्या आउटबाउंड रूटमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कॉलच्या नियमांच्या संचात, तीन रकाने महत्त्वाचे. प्रीफिक्समध्ये लिहिलेले अंक काढून टाकले जातात, उरलेला नंबर मॅच पॅटर्नशी जुळवला जातो, आणि जुळला की प्रीपेंडमधले अंक नंबराच्या सुरुवातीला जोडले जातात. पॅटर्नमध्ये एक्स म्हणजे ० ते ९ पैकी कोणताही अंक, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९. ही अक्षरं मशिनमध्ये इंग्रजीतच टाकायची. मी खाली 'नऊ एक्स' म्हणतो तेव्हा ते अक्षर नऊ वेळा. टिंबाचा अर्थ 'एक किंवा जास्त काहीही', आणि तो शक्यतो लागूच नये असं बघायचं.

'भारत' नावाचा एक रूट करा आणि त्यात या ओळी टाका:

१. प्रीपेंड रिकामा, प्रीफिक्स रिकामा, मॅच: ० झेड नऊ एक्स. बरोबर दाबलेला नंबर, जातो तसा जाऊ द्या.
२. प्रीपेंड ०, प्रीफिक्स रिकामा, मॅच: एन नऊ एक्स. शून्याविना दाबलेले दहा अंक.
३. प्रीपेंड ०, प्रीफिक्स +९१, मॅच: एन नऊ एक्स.
४. प्रीपेंड ०, प्रीफिक्स ९१, मॅच: एन नऊ एक्स.
५. प्रीपेंड ०, प्रीफिक्स ००९१, मॅच: एन नऊ एक्स.
६. प्रीपेंड रिकामा, प्रीफिक्स ०, मॅच: ० झेड नऊ एक्स. ही जुन्या सवयीची, लाइनच्या शून्याची ओळ.
७. प्रीपेंड ०२४८२, प्रीफिक्स रिकामा, मॅच: २ पाच एक्स. गावातला सहा अंकी नंबर.
८. प्रीपेंड ०२४८२, प्रीफिक्स ०, मॅच: २ पाच एक्स. तोच, आधी लाइनचा ० दाबून.

तिसरी ते पाचवी ओळ कशाला, असं वाटेल. टेबलावरचा माणूस +९१ दाबत नाही हे खरं, पण मोबाइलवरच्या सॉफ्टफोनमधून (ऑफिसच्या फोनचं काम करणाऱ्या ॲपमधून) किंवा कॉम्प्युटरवर नंबरावर क्लिक करून कॉल लावला की तो असाच येतो. मिस्ड कॉलच्या यादीतून उलट फोन करतानाही प्रोव्हायडर नंबर जसा दाखवतो तसाच लागतो. चौथ्या ओळीत अंक मोजून टाका: ९१ ने सुरू होणारे दहा अंकी मोबाइल नंबरही आहेत. ९१ दिसला की देशाचा कोड समजून कापला, तर त्या नंबरांचे आठच अंक उरतील. इथे बारा अंक असतील तरच कोड, दहा असतील तर मोबाइल. टिंब वापरला की हा हिशेबच करता येत नाही, म्हणून माझा त्यावर राग.

लाइनचा ० दाबून पुढे नुसते दहा अंक दाबणाऱ्यांची काळजी करायचं कारण नाही. त्यांचा शून्य आपोआप एसटीडीचा शून्य होतो आणि पहिल्याच ओळीत बसतो.

सहावी ओळ मात्र विचार करून घ्या. ००२४८२ आणि पुढे सहा अंक ही ती ओळ पकडते, पहिला शून्य काढते आणि कॉल जालन्यातच ठेवते. पण त्याचा अर्थ असा की खरोखर सेशेल्सला किंवा केप व्हर्देला लावायचा बारा अंकी नंबर आता जाणार नाही. ते चालेल, पण सिंगापूरचंही तसंच आहे. ००६५ आणि आठ अंक मिळून बाराच होतात, आणि तो नंबर ही ओळ ०६५ ने सुरू होणारा भारतातला नंबर समजेल. तुमचा परदेशी व्यवहार नसेल तर प्रश्न नाही. असेल तर ०० हा रस्ताच आयएसडीसाठी बंद करा आणि परदेशासाठी वेगळा प्रारंभ ठेवा, उदाहरणार्थ स्टार आणि मग ००. प्रीफिक्समध्ये स्टार, मॅचमध्ये ०० आणि देशाचा कोड. सिस्टिमच्या फीचर कोडांच्या, म्हणजे वेगवेगळ्या सोयींसाठी दाबायच्या कोडांच्या, यादीत तो स्टार कोड आधीच वापरात नाही ना, तेवढं बघून घ्या. दोन-तीन माणसांना एक जादा बटण शिकवणं सोपं. चाळीस जणांची वर्षानुवर्षांची सवय मोडणं अवघड.

आयएसडीचा रूट वेगळाच ठेवा, त्याला पिन लावा, आणि त्यात '०० नंतर काहीही' असं लिहू नका. ज्या देशांशी काम आहे तेवढेच कोड लिहा. तिथे देशाच्या कोडनंतर टिंब चालेल, कारण बऱ्याच देशांत नंबरांची लांबी बदलती असते. आंतरराष्ट्रीय नंबर देशाच्या कोडसकट जास्तीत जास्त १५ अंकी असतो, त्यापुढचं काही आलं तर ते चुकीचंच. परदेशाशी काहीच काम नसेल तर प्रोव्हायडरला लेखी कळवून त्याच्याच बाजूने आयएसडी बंद करून घ्या. तुमच्या मशिनमधलं कुलूप कोणी फोडलं तरी ते कुलूप राहतं.

आता छोटे नंबर. चुका इथे जास्त होतात आणि महागही इथेच पडतात. सगळ्यात वर, बाकीच्या रूटांच्या आधी, आणीबाणीचा रूट ठेवा: ११२, १००, १०१, १०२, १०८. फ्रीपीबीएक्स रूट वरून खाली बघतं आणि जो पहिला जुळेल तो घेतं, म्हणून वर. फ्रीपीबीएक्समध्ये रूटला 'इमर्जन्सी' अशी खूण करायची सोय आहे, ती करा. या रूटला पिन नको, कोणत्याही एक्स्टेंशनला बंदी नको. आणि ट्रंकचा क्रम उलटा: आधी लँडलाइन, मग एसआयपी. १०१ सारखा नंबर कुठल्या नियंत्रण कक्षात पोचतो ते लाइन कोणत्या एक्स्चेंजला जोडलीय त्यावर ठरतं. गावातल्या लँडलाइनचा भरवसा धरता येतो. एसआयपी ट्रंक प्रोव्हायडरच्या कुठल्या शहरातल्या यंत्रावर संपते हे तुम्हाला दिसत नाही.

याच रूटमध्ये हेच नंबर लाइनच्या शून्यासकटही घ्या: प्रीफिक्स ०, मॅच ११२, आणि तसंच बाकीचे. घाबरलेला माणूस नवीन पद्धत आठवत बसत नाही. पण ०११२ मध्ये एक खाच आहे. दिल्लीचा कोड ०११ आणि तिथले बरेच नंबर २ ने सुरू होतात. म्हणजे ०११२ ही दिल्लीच्या नंबराचीही सुरुवात आहे. १९१२ चंही तसंच: ० लावला की ०१९१२, आणि ०१९१ हा जम्मूचा कोड. आयपी फोनवर माणूस पूर्ण नंबर दाबून मग पाठवायचं बटण दाबतो, त्यामुळे तिथे गोंधळ नाही. साध्या संचाला पाठवायचं बटण नसतं. नंबर संपला की अजून यायचाय, हे गेटवेला अंदाजाने ठरवावं लागतं.

'काही टेबलांवरून लागत नाही' याचं कारण हे आहे, आणि ती टेबलं म्हणजे साधे संच असलेली टेबलं, असं तुम्हाला तपासल्यावर दिसेल. फ्रीपीबीएक्समध्ये कितीही नेटके नियम लिहिले तरी साध्या संचांच्या गेटवेत स्वतःचा वेगळा डिजिट मॅप, म्हणजे दाबलेले अंक कधी पाठवायचे याची यादी, असतो, आणि तो आधी चालतो. तिथे 'एवढे अंक आले की लगेच पाठव' आणि 'इतके सेकंद शांतता झाली की पाठव' अशा दोन गोष्टी असतात. अकरा अंकी ० झेड, १०८, १०० यांना लगेच पाठवायला हरकत नाही. जिथे पुढे अजून अंक येऊ शकतात तिथे थांबावंच लागतं. मी साधारण ४ सेकंद ठेवतो. त्याहून कमी ठेवलं तर नंबर कागदावरून बघून दाबणाऱ्याचा अर्धाच नंबर जातो. ८-१० सेकंद ठेवलं तर माणूस फोन बंद पडलाय समजून ठेवून देतो. शेवटी हॅश दाबला की लगेच पाठवायची सोय बहुतेक गेटवेत असते, ती चालू करा आणि लोकांना सांगा.

महावितरणच्या बाबतीत तर १९१२ आणि १९१२० हे दोन्ही नंबर चालतात. गेटवेत १९१२ ला 'लगेच पाठव' लावलं तर १९१२० कधीच लागणार नाही. चार सेकंद थांबू द्या.

१८०० चे नंबर सगळे एका लांबीचे नसतात. ११ अंकी जास्त दिसतात, १० अंकीही आहेत, आणि काही बँकांनी आठच अंकांचे घेतलेत. म्हणून १८०० नंतर चार एक्स, सहा एक्स आणि सात एक्स अशा तीन ओळी. यांना आधी शून्य लागत नाही. लाइनच्या शून्यासकट आले तर तो काढायचा, म्हणून याच तीन ओळी प्रीफिक्समध्ये ० घालून परत एकदा. ०१८० हा पानिपतचा कोड आहे, पण लँडलाइनचा स्थानिक नंबर शून्याने सुरू होत नाही, त्यामुळे ०१८०० वर तिकडची टक्कर होत नाही. तरी हा रूट 'भारत' रूटच्या वर ठेवा, नाहीतर शून्य लावलेला दहा अंकी १८०० पहिल्या ओळीत अकरा अंकी एसटीडी म्हणून पकडला जाईल. तुमचा बँकेचा नंबर शून्यासकट जातोय, हेही तो अडण्याचं एक कारण. १८६० हा १८०० सारखा फुकट नाही, त्याला पैसे पडतात. तो वेगळ्या ओळीत ठेवा, म्हणजे पुढे बंद करावासा वाटला तर सोपं जाईल. १९३० हा सायबर फसवणुकीचा, १०९८ मुलांसाठीचा, १०९१ महिलांसाठीचा. हे नंबर अक्षरशः तसेच लिहा. '१ ने सुरू होणारं काहीही' असा नियम नको.

यावरून एक्स्टेंशनच्या नंबरांचं. तुम्ही लिहिलं नाही, पण ते १०० पासून सुरू होत असतील तर आजच बदला. १००, १०१, १०२, १०८, ११२ यांपैकी एखादा नंबर हिशेब खात्याच्या टेबलाला दिलेला असेल, तर आग लागल्यावर फोन तिथे वाजेल. २०० ची मालिकाही जालन्यात अडचणीची, कारण गावातले नंबर २ ने सुरू होतात. गेटवेने २०१ ला एक्स्टेंशन समजून लगेच पाठवलं की पुढचे तीन अंक वाया. ६ ते ९ मोबाइलचे. म्हणून ४०० ची मालिका बरी. तुमच्या रोजच्या यादीत ४ ने सुरू होणारा एखादा स्थानिक नंबर नाही ना, तेवढं जुनी बिलं चाळून बघा.

आता ट्रंककडे. वरच्या सगळ्या ओळींनंतर नंबर शून्य-अधिक-दहा या रूपात आला. पण प्रत्येक लाइनला तो त्याच रूपात हवा असतो असं नाही, आणि हे प्रोव्हायडरवर अवलंबून आहे. कोणाला ०-दहा चालतं, कोणाला ९१-दहा लागतं, कोणाला + सकट. त्यांच्या तांत्रिक माणसाला नेमकं विचारा. हा बदल ट्रंकच्या पानावरच्या डायल्ड नंबर मॅनिप्युलेशनमध्ये करा, रूटमध्ये नाही. रूटमध्ये केलात तर एसआयपी भरल्यावर तोच ९१ वाला नंबर लँडलाइनवर जाईल आणि तिथे अडेल. लँडलाइनच्या ट्रंकवर एकच बदल: ०२४८२ ने सुरू होणारा नंबर असेल तर कोड काढून नुसते सहा अंक पाठवा. बाकी जसं आहे तसं.

लँडलाइनवर आणखी एक भूत असतं. गेटवे लाइन उचलतो, डायल टोन नीट यायच्या आतच अंक पाठवायला लागतो, आणि पहिला अंक एक्स्चेंज गिळतं. आपल्याकडे पहिला अंक म्हणजे तो शून्यच. मग मोबाइल शून्याविना जातो आणि ऐकू येतं की नंबराआधी शून्य लावा. माणूस म्हणतो, मी तर लावला होता. गेटवेत लाइन उचलल्यावर थांबायची वेळ असते, ती १ सेकंदाच्या आसपास ठेवा. लाइनचं कार्ड थेट सर्व्हरमध्येच असेल तर ट्रंकच्या प्रीपेंडमध्ये इंग्रजी डब्ल्यू हे अक्षर घालतात. एक डब्ल्यू म्हणजे अर्धा सेकंद. तुमच्याकडे हे मे-जूनमध्ये जास्त जाणवेल. खरिपाच्या तोंडावर दुकानदारांचे फोन वाढतात, एसआयपीच्या दहाही वाहिन्या भरतात आणि जास्तीचे कॉल लँडलाइनवर सांडतात. मग 'सीझनमध्ये फोन बिघडतो' अशी तक्रार येते, आणि सगळे एसआयपीच्या प्रोव्हायडरला बोल लावतात.

वळवाच्या पावसात लँडलाइनच्या गेटवेचे पोर्ट विजेने जाण्याचं प्रमाणही मोठं असतं. लाइन आत येते तिथे सर्ज अरेस्टर (विजेचा झटका जमिनीत सोडणारं उपकरण) बसवा आणि त्याचं अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का ते बघा. पोर्ट अर्धमेला झाला तर टोन येतो पण अंक जात नाहीत, आणि तुम्ही डायलिंगच्या नियमात चूक शोधत बसता.

परवानगीचं थोडक्यात. जुन्या ईपीएबीएक्समध्ये लोकल, एसटीडी, आयएसडी असे वर्ग असायचे. आता लोकल आणि एसटीडी वेगळं ठेवून काही मिळत नाही, कारण मोबाइल आणि एसटीडीचा साचा एकच. तीन वर्ग पुरतात: फक्त आतले आणि आणीबाणीचे, म्हणजे गेटवरचा किंवा कॅन्टीनमधला फोन, सगळा भारत, आणि परदेश. रूटच्या कॉलर आयडीच्या रकान्यात '४१ एक्स' असं लिहिलं तर ४१० ते ४१९ एवढ्यांनाच तो रूट मिळतो. म्हणून एक्स्टेंशन देतानाच माणसं गटाने बसवा.

एकाच वेळी किती कॉल बाहेर जाऊ शकतात याची मर्यादा ट्रंकवर आणि एक्स्टेंशनवर दोन्हीकडे घाला. एका टेबलावरून एका वेळी दोनपेक्षा जास्त बाहेरचे कॉल कधी लागत नाहीत. आणि लातूरच्या किंवा पुण्याच्या शाखेतली लाइन इंटरनेटवरून वापरून कॉल तिकडून बाहेर काढायची कल्पना कोणी सुचवली, तर आधी प्रोव्हायडरकडून लेखी घ्या. तो डायलिंगचा नाही, परवान्याच्या अटींचा प्रश्न आहे.

तपासणी कशी करायची? एका कागदावर नंबर दाबायच्या तऱ्हा लिहा: गावातला सहा अंकी, तोच लाइनच्या शून्यासकट, तोच कोडसकट, कोड आणि लाइनचा शून्य दोन्ही, मोबाइल दहा अंकी, शून्यासकट, दोन शून्यांसकट, +९१, १८०० आठ अंकी आणि अकरा अंकी, १९१२, आणि परदेशाचा एक, जो अडायलाच हवा. प्रत्येक तऱ्हा आयपी फोन, साधा संच आणि सॉफ्टफोन तिन्हींवरून. कॉल लागला की नाही एवढंच बघू नका. लॉग उघडून तीन गोष्टी टिपा: आत काय आलं, कोणता रूट जुळला, ट्रंकला काय गेलं. एसआयपीवर परत येणारा आकडाही बोलका असतो. ४८४ म्हणजे नंबर अर्धवट, बहुतेक वेळा गेटवेने लवकर पाठवलेला. ४०४ म्हणजे त्यांना असा नंबर माहीत नाही, म्हणजे रूप चुकलंय. ४०३ आला तर डायल केलेल्या नंबराकडे बघूच नका; बऱ्याचदा तुम्ही पाठवलेला स्वतःचा कॉलर आयडी त्यांनी दिलेल्या नंबरांपैकी नसतो. १०१ आणि ११२ ची चाचणी मात्र खरा कॉल लावून उगीच करू नका. लँडलाइन तात्पुरती काढून तिच्या जागी एक साधा फोन असलेलं पोर्ट ट्रंक म्हणून लावा, किंवा ट्रंक बंद ठेवून लॉगमध्ये कोणता रूट जुळला तेवढं पाहा.

तीनपैकी एक लँडलाइन गेटवेच्या आधी फोडून वॉचमनच्या केबिनमध्ये एक साधा संच थेट तिच्यावर ठेवा. लाइट गेली, यूपीएसही संपला आणि सर्व्हर बंद पडला तरी त्या संचाला एक्स्चेंजकडून वीज मिळत असते. फक्त लाइन जुन्या तांब्याच्या तारेचीच आहे ना, ते बघा. फायबरवरून दिलेली असेल तर मोडेमसोबत तीही बंद पडेल.